आधी हात, मग सुई

जनावर बोलत नाही, मग त्याला काय होतंय ते तुम्हाला कळतं कसं, हा प्रश्न मला नोकरीत जितक्या लोकांनी विचारला तितक्यांनी माझी जातही विचारली नसेल; आणि आमच्या भागात जात विचारायला लोक फारसे लाजत नाहीत. उत्तर सोपं आहे. जनावर बोलतं. रवंथ थांबलं की ते बोललं. नाकपुडी कोरडी पडली, कान लोंबले, गोठ्यात माणूस आला तरी मान वळली नाही, की ते पुष्कळ बोललं. फक्त ऐकायला उभं राहावं लागतं, आणि उभं राहायला वेळ लागतो. माझ्या धंद्यातलं शहाणपण म्हणावं तर एवढंच.

आता निवृत्त आहे. सेलूत दुपारी ओसरीवर आडवा झालो की धड झोप नाही, धड जाग नाही, अशा अवस्थेत जनावरं माझ्यासमोरून चालत जातात. वालूरकडची एक शिंगमोडकी म्हैस, कुणाचा तरी पांढरा गोऱ्हा, धूळ उडवत जाणारा मेंढरांचा कळप. माणसांचे चेहरे विसरलो, जनावरांचे नाही. बायको मार्था म्हणते, तुम्ही झोपेत च्यक च्यक करता. करत असेन. आयुष्यभर तोच आवाज काढून गाई जवळ बोलावल्या.

माझा हुद्दा पशुधन पर्यवेक्षक. दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या खालचा आणि शिपायाच्या वरचा. पण गावात जो सुई टोचतो तो डॉक्टर, त्यामुळे ती पदवी मला न शिकता मिळाली. नाव शमुवेल. पहिल्याच गावात एका म्हाताऱ्याने ते दोनदा तोंडात घोळवून पाहिलं आणि विचारलं, "शामराव म्हनलं तर चालंल का?" चालेल म्हणालो. तेव्हापासून मी पंचक्रोशीत शामराव. मी ख्रिस्ती आहे हे लोकांना कळलं ते नाताळात, दवाखान्यात करंज्या आणि शंकरपाळ्यांचा डबा उघडला तेव्हा. "तुमच्यात बी करंज्या असत्यात?" एकाने विचारलं. असतात म्हटल्यावर त्याने दोन उचलल्या आणि विषय संपला.

माझी एक सवय होती. जनावराला सुई टोचण्याआधी मी डावा हात त्याच्या कपाळावर किंवा मानेवर ठेवायचो, डोळे मिटायचो आणि ओठांतल्या ओठांत म्हणायचो, 'प्रभू, हे तुझं आहे. माझ्या हातून बिघडू देऊ नकोस.' मग सुई. हात ठेवायचं मला एका जुन्या डॉक्टरांनी शिकवलं होतं, आणि त्यात देवाधर्माचा काही संबंध नव्हता. अचानक टोचलं की जनावर बिचकतं, लाथ मारतं. आधी हात ठेवला की त्याला कळतं इथे कोणीतरी आहे. प्रार्थना मी त्यात आपली मिसळली. कारण पहिल्या सुईच्या वेळी जनावरापेक्षा मीच जास्त बिचकलो होतो. पुढे पुढे डॉक्टरांची युक्ती कुठे संपते आणि माझी प्रार्थना कुठे सुरू होते हे मलाही सांगता आलं नसतं.

गावकऱ्यांनी मात्र त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. त्यांच्या लेखी हात ठेवणं हा औषधाचाच भाग होता. नुसत्या सुईने अर्धा गुण, हाताने पुरा. एकदा वालूरच्या वाटेवर एका शेतकऱ्याने माझी मोटरसायकल अडवली. मला वाटलं बैल पडला. त्याने मला विहिरीवर नेलं आणि म्हणाला, "सायब, मोटार पानी उचलना गेलीय. जरा हात ठिवा." मी म्हणालो, अहो, मी ढोरांचा माणूस. तो म्हणाला, "ठिवा तर. तुमचं काय जायलंय?" ठेवला. त्याने बटण दाबलं आणि मोटर चालू झाली. ती का चालू झाली हे मला आजही माहीत नाही. बहुतेक तारच सैल असावी. पण त्या शेतकऱ्याकडून त्या वर्षी माझ्या घरी इतकी वांगी आली की मार्थाने शेवटी शेजारी वाटली. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना ही गोष्ट सांगितली तर ते हसले आणि म्हणाले, सांभाळा, उद्या ट्रॅक्टर आणतील.

मग लम्पीची साथ आली.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाईबैलांना ताप चढतो, अंगभर सुपारीएवढ्या गाठी येतात, त्या फुटतात, माशा बसतात, पायांना सूज येते आणि जनावर चारा सोडतं. माणसाला होत नाही, पण माणसाच्या घरात सुतक आल्यासारखं होतं. आठवडी बाजारातली ढोरं बंद झाली. पोळ्याला बैल वेशीत आणू नका म्हणून दवंडी फिरली. लोकांनी गोठ्यातच बैलांच्या शिंगांना बेगड लावली आणि तिथेच पुरणपोळी खाऊ घातली. आम्ही बर्फाच्या पेटीत लस घालून गावोगाव हिंडत होतो. ती लस मुळात शेळ्यांच्या देवीची. "शेरडाची सुई गायीला?" असं लोक विचारायचे आणि समजावून सांगता सांगता घसा कोरडा व्हायचा. निरोगी जनावराला लस, आजारी जनावराचा ताप उतरवायचा, जखमा धुवायच्या, वाट बघायची. आणि जे गेलं त्याच्यासाठी खोल खड्डा, वर चुना आणि मीठ.

सकाळी निघायचो तेव्हा दुधना नदीच्या अंगाने धुकं असायचं आणि प्रत्येक गोठ्यात माशा हाकलायला कडुलिंबाचा पाला जळत असायचा. धूर कुठला आणि धुकं कुठलं कळायचं नाही. मोटरसायकल चालवताना मी कधी जागा असायचो, कधी नसायचो. दोन्हीकडे कपाशी, मधे पांढरा रस्ता, आणि मी कुठल्या गावाहून कुठल्या गावाला चाललोय हेच विसरायचो. एकदा एका गोठ्यात जनावर टोचून बाहेर आलो, तर घरधनी म्हणाला, "सायब, सकाळी येऊन गेलते की तुमी." नशीब, दुसऱ्यांदा टोचलेला बैल दुसराच होता.

त्या दिवसांत प्रार्थना बंद पडली. रागाने नव्हे. देवावर रागवायला अंगात जोर लागतो, तोही नव्हता. गाय आटते तशी ती आटली. कासेला हात घालावा आणि थेंब येऊ नये. हात ठेवणंही सुटलं. जायचं, टोचायचं, पुढचं जनावर. रविवारी उपासनेला जाणं थांबलं, कारण साथीला रविवार माहीत नव्हता. घरी जेवायला बसलो की मार्था डोळे मिटायची आणि तिने उघडेपर्यंत माझी अर्धी भाकरी संपलेली असायची. पाळकसाहेब एकदा घरी आले तेव्हा मी न्हाणीघरात शिरलो आणि ते जाईपर्यंत अंगावर पाणी ओतत बसलो. त्या संध्याकाळी मी मार्थाला म्हणालो, मी स्वेच्छानिवृत्ती घेतो. माझ्याच्याने हे काम आता होत नाही. ती म्हणाली, "काम होत नाही, का दुसरं काही होत नाही?" मी ताटावरून उठलो.

अशा वेळी सोजरबाईचा निरोप आला.

सोजरबाई म्हणजे वालूरच्या पलीकडच्या एका वस्तीवरची म्हातारी. घर मेंढरं-शेरडं राखणारं. मुलगा आणि सून मेंढरं घेऊन चाऱ्यामागे लांब गेलेली. घरी ही, चार-पाच शेरडं आणि रतनी नावाची लालकंधारी गाय. रतनी म्हणजे काय गाय होती! अंगावर गडद लाल तेज, कपाळ रुंद, डोळ्यांना काजळ घातल्यासारखी काळी कड. सोजरबाईच्या भावाने ती कालवड असताना दिलेली, आणि तो भाऊ आता नव्हता. रतनी गाभण होती, दिवस भरत आलेले, आणि तिला लम्पी झाली होती. गाभण गाय या आजारातून उठणं कठीण, हे मला माहीत होतं, आणि सोजरबाईलाही गावातल्या मेलेल्या जनावरांवरून कळलेलं होतं.

मी गेलो तेव्हा ऊन नुकतंच वर आलं होतं. रतनी उभी होती पण मान खाली, रवंथ बंद. मी सिरिंज भरली आणि पुढे झालो. सोजरबाई मधे येऊन उभी राहिली.

"थांबा सायब. आदी हात ठिवा."

"मावशी, लय गावं राहिलीत. बाजूला व्हा."

"न्हाई. तसं टोचून चालत न्हाई. मागं आमच्या म्हशीला हात ठिवला व्हता तवा कसा गुण आलता? आवंदा तुमी कुनाच्याच जनावरायला हात ठिवायला न्हाईत. समद्या वस्तीला म्हाईत हाय. म्हनून तर मरायलेत."

मला तिडीक आली. इतकी माणसं, इतकं औषध, दिवसभराची धावपळ, आणि जनावरं मरतात ती म्हणे मी हात ठेवत नाही म्हणून. मी चढ्या आवाजात तिला म्हणालो की गुण औषधाचा असतो, हाताचा नसतो. हा रोग डास-माशांनी पसरतो, त्याला माझा हात काय करणार. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. असंल. पर आदी हात ठिवा."

वाद घालायला वेळ नव्हता. एकदाचा ठेवावा, म्हातारीचं समाधान करावं, टोचावं आणि जावं, म्हणून मी रतनीच्या कपाळावर हात ठेवला आणि देखाव्यापुरते डोळे मिटले. नेहमीचे शब्द आठवून पाहिले. आले नाहीत. तापाने ते कपाळ चुलीवरच्या तव्यासारखं गरम होतं. रतनीचा श्वास माझ्या मनगटावर येत होता, सावकाश, ओला. लिंबाचा धूर अंगाभोवती फिरत होता. मी उभा राहिलो, कारण काढून घ्यायचं म्हटलं तरी हात निघेना.

मग मी कुठे होतो ते नक्की सांगता येत नाही. लहानपणीचं मंदिर, म्हणजे आमचं चर्च, होतं. सतरंजी होती, तिच्यावर खिडकीतून उन्हाचा चौकोन पडलेला. बायका टाळ-ढोलकीवर भजन म्हणत होत्या आणि ते फार लांबून येत होतं, पाण्याखालून यावं तसं. पाळकांचा उपदेश नेहमीप्रमाणे संपत नव्हता आणि मी आईच्या मांडीवर झोपलो होतो. कुणी उठवत नव्हतं. पाठ येत नाही म्हणून कुणी रागावत नव्हतं. उन्हाचा चौकोन हळूहळू माझ्या पायांवर आला, गुडघ्यांवर आला, आणि मला काहीही करायचं नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा माझा गाल रतनीच्या मानेवर होता आणि सोजरबाईने माझं कोपर धरून ठेवलं होतं, मी पडू नये म्हणून.

"निजलता का देवाशी बोलायलता?" तिने विचारलं.

"म्हाईत न्हाई, मावशी."

"मंग बराबर हाय. आता टोचा."

टोचलं. जांभळ्या औषधाच्या पाण्याने जखमा धुतल्या. बाहेर आलो तेव्हा कपाशीच्या पानांवरचं दव अजून सुकलं नव्हतं, म्हणजे फार वेळ गेला नसावा. पण मला गाढ झोप काढून उठल्यासारखं वाटत होतं. प्रार्थना झाली नव्हती. मी एक शब्दही बोललो नव्हतो. तरी कुणाच्या तरी घरी बसून आल्याची जाणीव दिवसभर सुटली नाही.

त्यानंतर मी रोज वाट वाकडी करून वस्तीवर जाऊ लागलो. सोजरबाई जखमा धुवायला शिकली. नागवेलीची पानं, मिरे, मीठ आणि गूळ कुटून त्याचा गोळा रतनीच्या जिभेवर ठेवायला मी सांगितलं होतं, तो ती न चुकता द्यायची. ताप थोडा उतरला. रतनीने मूठभर कडवळ खाल्लं त्या दिवशी आम्ही दोघांनी गुळाचा चहा घेतला. मी हात ठेवायचो आणि गप्प उभा राहायचो. माझ्याजवळ बोलायला अजूनही काही नव्हतं, पण त्या गप्प राहण्याची मला ओढ लागली होती.

एक दिवस सोजरबाई म्हणाली, "तुमच्या देवाला मला काई सांगायचं आसंल तर सांगता यील का?"

"येतं की. रतनीशी बोलता तसंच बोलायचं."

तिने पदर डोक्यावर घेतला, हात रतनीच्या पाठीवर ठेवला आणि मोठ्याने सुरू झाली. "ए शामरावाच्या देवा, ही माझी रतनी हाय. माझ्या भावानं देलती. मी आमच्या बिरुबाला बी सांगितलंय, तुला बी सांगायलेय. दोघायनी मिळून बगा, येकमेकावर ढकलू नका. आन ह्यो शामराव लय वाळलाय, त्याच्याकडं बी बगा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "झालं. तुमी शेवटी म्हनता ते म्हना."

मी आमेन म्हणालो. पाळकसाहेब तिथे असते तर त्यांनी काय केलं असतं ठाऊक नाही. मला दुसरं काही म्हणता आलं नसतं.

शनिवारी तिनेच बजावलं, "उद्या ऐतवार. इकडं येऊ नका. तुमच्या देवळात जावा. जखमा मी धुईन." मी गेलो. फार महिन्यांनी मार्थाच्या शेजारी बसलो. हातांवरचा जांभळा डाग साबणाने निघाला नव्हता. प्रभुभोजनाच्या वेळी तो पंजा पुढे करताना मी ओशाळलो, पण पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा त्या डागावर ठेवला आणि क्षणभर माझी बोटं मिटून धरली. शेवटी त्यांनी विचारलं, कुणासाठी प्रार्थना करायची आहे का? कुणी आजारी सासूचं नाव घेतलं, कुणी परीक्षेचं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "रतनी. गाभण आहे. तिला लम्पी झालीय." मंडळीत थोडी खसखस पिकली. पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि आमच्या त्या लहानशा मंडळीने वालूरपलीकडच्या एका गाईसाठी, तिच्या पोटातल्या वासरासाठी आणि तिच्या मालकिणीसाठी प्रार्थना केली. बेंच धरून उभा होतो तेव्हा माझे डोळे वाहत होते. मार्थाने रुमाल दिला आणि समोर बघत राहिली.

रतनी व्याली. कालवड झाली, आईसारखीच लाल, धडपडत उभी राहिली. मी वस्तीवर पोचलो तेव्हा रतनी बसलेली होती आणि तिला उठता येत नव्हतं. जे करायचं ते सगळं केलं. सलाइन लावलं, बाटलीने कोमट पाणी पाजलं, तालुक्याहून डॉक्टरांना आणलं. दुपार कलताना तिने मान लांब केली, वासराला एकदा चाटलं आणि गेली.

मी तिच्याजवळ मातीत बसलो. या साथीत किती खड्डे मी पाहिले होते. एकाही खड्ड्यापाशी डोळ्याला पाणी आलं नव्हतं. तिथे आलं, आणि थांबेना. मला सोजरबाईची भीती वाटत होती. तिने देवाला सांगितलं होतं, मी हात ठेवला होता, अख्ख्या मंडळीने डोळे मिटले होते. आता ती विचारणार, कुठाय तुमचा देव?

ती एका शेळीला धरून आली. शेळीच्या थानाला कालवडीचं तोंड लावलं. कालवड आधी धडपडली, मग चोखू लागली. सोजरबाई तिथेच उकिडवी बसून बघत होती आणि पदराने नाक पुसत होती. मग ती उठली, माझ्यापाशी आली आणि आपला खरखरीत हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"तुमी समद्या जनावरायवर हात ठिवत फिरता," ती म्हणाली. "तुमच्यावर कोन ठिवायचा, बाबा?"

तिचे ओठ हलत होते. काय पुटपुटली ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. लहान होऊन मी त्या हाताखाली बसून राहिलो. देव कुठे आहे याचं उत्तर तेव्हाही माझ्याकडे नव्हतं, पण प्रश्न विचारणारा मी एकटा उरलो नव्हतो.

"उठा आता," शेवटी ती म्हणाली. "पल्याडच्या वस्तीवर बैल बसलाय. सकाळधरनं वाट बगायलेत तुमची. माझ्या रतनीचं मी बगते."

मी पेटी उचलली. पल्याडच्या वस्तीवर लिंबाखाली एक पांढरा बैल पाय दुमडून बसला होता आणि दोन भाऊ त्याला वारा घालत होते. एकाने वेसण धरली. मी गुडघे टेकले, सिरिंज भरली आणि डावा हात बैलाच्या कपाळावर ठेवला. इतक्या महिन्यांनी शब्द आले. जुने नव्हते.

'प्रभू,' मी म्हणालो, 'तू धर. मी टोचतो.'